शर्व भरोभर

गेल्या महिन्यात मी आमच्या नातीला एक पत्र लिहिलं. पत्र म्हणजे आपला मोबाइलवरचा निरोपच. पण मी पडलो जुन्या वळणाचा माणूस. 'चि.'पासून 'अनेक उत्तम आशीर्वाद'पर्यंत सगळं यथासांग घातल्याशिवाय मला काही लिहिल्यासारखं वाटत नाही. एका बोटाने टाइप करत ते चौदा ओळींचं पत्र पुरं करायला मला दीड तास लागला. विषयही तसाच होता. आमचं वाईचं घर विकून टाकावं, असं घरात जवळजवळ ठरत आलं होतं. कौलं दर पावसाळ्यात फुटतात, परसात घुशी झाल्या आहेत, माझे गुडघे त्या जिन्याशी बोलायला तयार नाहीत, मुलाला वेळ नाही आणि सूनबाईंना पालींची भीती वाटते. राहता राहिली नात. ती आता बंगलोरला नोकरीला असते. पण लहानपणच्या तिच्या झाडून साऱ्या सुट्ट्या वाईला गेल्या. तेव्हा म्हटलं, तिलाही विचारावं. शेवटी अगदी स्पष्ट लिहिलं, 'तुझी संमती आहे ना? मोकळेपणाने कळव.'

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. 'के.'

नुसता 'के'! मी चष्मा पुसला, मोबाइल पुसला. तरी 'के'च.

"अगं, ही 'के' म्हणते," मी हिला म्हटलं.

"ओके म्हणायचं असेल तिला."

"मग 'ओ' कुठे गेला?"

"घाईत असेल हो पोर!"

आमच्या लहानपणी वडीलमाणसाने हाक मारली की आधी 'ओ' द्यायचा, मग जायचं, अशी पद्धत होती. 'ओ' दिला नाही तर पाठीत धपाटा बसे. आणि आता आजोबा चौदा ओळींची हाक मारताहेत आणि नात 'ओ'च तेवढा गाळते आहे. पण मला खरी रुखरुख त्या 'ओ'ची नव्हती. एजंटाचा दिवसाआड फोन येत होता. त्याला 'नातीचीही संमती आहे' असं सांगायचं की नाही? एका 'के'चा अर्थ संमती असा लावता येतो का?

तसं पाहिलं तर 'ओके' या शब्दाशी माझं भांडण जुनं आहे. आमच्या आत्याबाई तर शेवटपर्यंत त्या शब्दाला बिचकत. आम्ही भावंडं कॉलेजात जाऊन येता-जाता 'ओके, ओके' करू लागलो तेव्हा, "सारखं काय रे ओके ओके? मळमळतंय का?" असं त्या काळजीने विचारत. पण त्यांचं सोडा. ज्यांना हा शब्द समजतो अशी समजूत आहे, त्यांना तरी तो कुठे समजतो?

डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट ओके आहे," तेव्हा त्याचा अर्थ तुम्ही मरत नाही. जेवण कसं होतं, तर "ओके," म्हणजे खाल्लं. "ओके ओके" असेल तर नाइलाजाने खाल्लं. ही एक गंमत पाहा. कोणतीही चांगली गोष्ट दोनदा म्हटली की ती वाढायला हवी; पण ओके दोनदा म्हटलं की त्याची किंमत निम्म्यावर येते. आपल्या 'ठीक ठीक'चंही तसंच. मुलगी पाहून आलेला मुलगा 'ठीक' म्हणाला तर आई सुपारी काढते, 'ठीक ठीक' म्हणाला तर दुसरी पत्रिका काढते. आमच्या हिच्या तोंडी तर ओकेचे किमान पाच प्रकार आहेत. 'ओके!' म्हणजे कळलं. 'ओकेऽऽ' म्हणजे आत्ता कळलं खरं काय ते. 'ओके?' म्हणजे पुन्हा सांगणार नाही. 'ओके, ओके' म्हणजे पुरे. आणि नुसताच थंड 'ओके' म्हणजे... पण ते प्रत्येक विवाहित वाचकाला माहीत आहे.

सगळ्यात निर्दय ओके मात्र कम्प्यूटरचा. मुलाने मला त्याचा जुना कम्प्यूटर दिला, त्यावर मी एकदा सोसायटीचा जमाखर्च तीन दिवस बसून लिहिला. चौथ्या दिवशी पडद्यावर एक चौकोन आला. त्यात, फाइल बिघडली आहे, उघडता येत नाही, अशा अर्थाचं इंग्रजी होतं. आणि खाली एकच बटण: 'ओके'. 'नाही' म्हणायला बटणच नाही. तीन दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं आणि वर पुन्हा 'सगळं ठीक आहे' असं मीच म्हणायचं! मी ते बटण दाबेना. दहा मिनिटं तसाच बसलो. शेवटी दाबलं.

तर तो 'के' खिशात घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या आमच्या कट्ट्यावर गेलो आणि विषय काढला, की हे ओके आलं कुठून? आमच्या कट्ट्यावर माहिती नाही असा विषय नाही. लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, लढाई संपल्यावर फलकावर मेलेल्यांचा आकडा लिहीत. कोणी मेलं नाही तर शून्य आणि 'किल्ड'चा 'के'. ते शून्यच पुढे 'ओ' झालं. ग्रीसची सहल करून आलेल्या जोडप्याने सांगितलं, ग्रीक भाषेत 'ओला काला' म्हणजे सगळं छान. त्यावर कोणीतरी 'काला' म्हणजे गोपाळकाला का, असा विनोद केला. कोणी म्हणालं, स्कॉटलंडातलं 'ऑक आय'. कोणी म्हणालं, अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांना बिस्किटं पुरवणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. प्रत्येकाला आपली कथा ठाऊक होती आणि प्रत्येक कथा दुसरीपेक्षा खानदानी होती.

आमच्यातले इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक तेवढे गप्प होते. ते फार वेळ गप्प राहिले की समजावं, यांना खरंच माहीत आहे. ते म्हणाले, "बिस्किटं आणि यादवी युद्ध १८६१च्या पुढचं. हा शब्द त्याआधी बावीस वर्षं छापून आलाय."

मग त्यांनी जी हकिकत सांगितली, ती ऐकून मी गार झालो. १८३८-३९ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या वर्तमानपत्रांना आद्याक्षरांचं वेड लागलं होतं. आपल्याकडे नाही का 'कृ. सा. न. वि. वि.' आणि 'क. लो. अ.'? तसंच, पण त्यांनी त्यात एक वात्रटपणा काढला. आधी शुद्धलेखन मुद्दाम चुकवायचं आणि मग त्या चुकलेल्या शब्दांची आद्याक्षरं घ्यायची. 'नो यूज' म्हणजे 'काही उपयोग नाही', तर त्यातल्या 'नो'चं स्पेलिंग 'जाणणे' या अर्थाच्या 'नो'सारखं 'के'पासून करायचं आणि 'यूज' 'वाय'पासून, झालं 'के. वाय.' 'ऑल राइट'चं 'ओ. डब्ल्यू.' आणि २३ मार्च १८३९ या दिवशी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या पत्रात, प्रॉव्हिडन्स गावच्या पत्राची टिंगल करणाऱ्या एका मजकुरात, 'ऑल करेक्ट' म्हणजे 'सर्व बरोबर' या अर्थी छापलं गेलं 'ओ. के.' 'ऑल'मध्ये 'ओ' नाही, 'करेक्ट'मध्ये 'के' नाही. 'सर्व बरोबर' म्हणणाऱ्या शब्दातली दोन्हीच्या दोन्ही अक्षरं चूक!

म्हणजे बघा, शंभर वर्षांपूर्वी पुण्यातल्या एखाद्या खोडकर संपादकाने 'सर्व बरोबर'चं 'शर्व भरोभर' केलं असतं आणि छापलं असतं 'श. भ.' वाचकांनी 'हॅ' म्हणून पान उलटलं असतं. आणि आज जगभरच्या विमानांचे पायलट, सर्जन, पुढारी आणि नवरे एकमेकांना 'श. भ., श. भ.' म्हणत असते.

हे शोधून काढणारे गृहस्थ म्हणजे कोलंबिया विद्यापीठातले अ‍ॅलन वॉकर रीड. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उपसून १९६३ आणि १९६४ साली त्यावर लेखच लिहिले. बाकी 'के. वाय.', 'ओ. डब्ल्यू.' ही भावंडं अल्पायुषी ठरली. ओके जगला तो निवडणुकीमुळे. १८४० साली अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव किंडरहूक. त्यावरून ते 'ओल्ड किंडरहूक', आपल्याकडे 'किंडरहूकचे अण्णा' म्हणावं तसं. आणि त्यांच्या माणसांनी न्यूयॉर्कात 'ओ. के. क्लब' काढला. विरोधकांनी लगेच वावडी उठवली, की ओके म्हणजे त्यांचे आधीचे अध्यक्ष जॅक्सन. त्यांना शुद्धलेखन येत नसे, म्हणून ते कागदांवर असं लिहीत. अण्णा पडले. शब्द निवडून आला. नंतर तारायंत्रवाल्यांनी तो उचलला: निरोप पोचला की ओके. २० जुलै १९६९ला यान चंद्रावर टेकलं तेव्हा, 'गरुड उतरला' हे आर्मस्ट्राँगचं प्रसिद्ध वाक्य यायच्या आधी, 'ओके, इंजिन स्टॉप' असे ऑल्ड्रिनचे शब्द गेले आहेत. मानवजातीने चंद्रावर आपल्याबरोबर पहिल्या झटक्याला काय नेलं, तर एक शुद्धलेखनाची चूक.

"पण मग एवढ्या कथा का?" मी विचारलं.

"पूर्वज विनोदी निघाला, हे कोणत्या घराण्याला आवडतं?" प्राध्यापक म्हणाले. अध्यक्ष वुड्रो विल्सन स्वतः प्राध्यापक. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, की हा मूळ चॉक्टॉ जमातीच्या भाषेतला शब्द आहे. म्हणून ते कागदांवर 'ओकेह' असं, शेवटी 'एच' लावून लिहीत. वंशावळ सुधारून घेण्याचा हा शौक तिकडेही आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. आपल्याकडे त्याच जातीचं कोडं म्हणजे ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज'. त्यातलं ओके कशाला, याच्याही तीन कथा: कोणी युद्धकाळात ट्रक रॉकेलवर चालत म्हणून सांगतं, कोणी ओके नावाच्या साबणाची जाहिरात म्हणतं, कोणी मागच्याला 'आता पुढे जा' अशी खूण म्हणतं. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ती अक्षरं लिहायला बंदी केली, कारण लोक ती वाचून उगाच हॉर्न वाजवतात. लोक ती अक्षरं नसतानाही वाजवतात, हा भाग वेगळा.

कट्टा उठला. सगळे 'ओके, उद्या भेटू' म्हणून गेले. मी तिथेच बसलो. ते 'सर्व बरोबर' माझ्या डोक्यातून जाईना. कारण आयुष्यभर मी त्या शब्दाचा अर्थ भलताच समजत आलो होतो. माझ्या लेखी ओके म्हणजे 'माझी हरकत नाही'. सरकारी ना-हरकत प्रमाणपत्राचा दोन अक्षरी संक्षेप. ना-हरकत प्रमाणपत्र देणारा काही 'हे चांगलं आहे' असं म्हणत नसतो. तो फक्त 'मी आडवा येत नाही' एवढंच म्हणत असतो. पण ज्याच्या हातात तो कागद पडतो, तो मात्र 'सर्व बरोबर' असंच वाचतो. लिहिणाऱ्याचं ओके एक आणि वाचणाऱ्याचं ओके दुसरं. आणि हे मला १८३९च्या बॉस्टनहून कळायची गरज नव्हती. १९८४ सालीच एका माणसाने ते मला शिकवलं होतं.

तेव्हा मी व्ही.टी.जवळच्या एका कचेरीत सेक्शनचा प्रमुख होतो. त्या वर्षी आम्हां अधिकाऱ्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं होतं. 'आय अ‍ॅम ओके, यू आर ओके' या १९६७ सालच्या अमेरिकन पुस्तकाचा तेव्हा फार बोलबाला होता. प्रशिक्षकाने आम्हांला समोरासमोर उभं करून एकमेकांना 'मी ओके, तुम्ही ओके' असं म्हणायला लावलं. माझ्यासमोर माझे वरिष्ठ होते. आम्ही दोघेही खोटं बोललो.

शुक्रवारची संध्याकाळ. सहा-दोनची डोंबिवली पकडायची होती. बदल्यांची यादी आली. अकरा नावं, तिसरी कार्बन कॉपी, अक्षरं पुसट. मी खाली 'ओ. के.' लिहिलं, सही ठोकली आणि निघालो. गाडी मिळाली. खिडकीसुद्धा मिळाली.

यादीत आमच्या सेक्शनच्या शिपायाचं नाव होतं. त्यांना सगळी कचेरी 'मामा' म्हणायची. मूळचे कऱ्हाडकडचे, राहायला परळच्या चाळीत. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्याच आडनावाचा, त्याच आद्याक्षराचा दुसरा शिपाई होता, त्याने आपल्या गावाजवळ चंद्रपूरला बदली मागितली होती. टायपिस्टने नंबर चुकवला आणि हुकूम निघाला मामांच्या नावाने. मामांच्या बायकोवर परळलाच इस्पितळात उपचार चालू होते. दर दुसऱ्या मंगळवारी तिला न्यावं लागे. हे सबंध कचेरीत नक्की कोणाला माहीत होतं? मला. कारण दर दुसऱ्या मंगळवारच्या त्यांच्या अर्ध्या रजेवर सही माझी असे. ती यादी माझ्याकडे पाठवतात ती याचसाठी, की या अकरा माणसांना ओळखणारं कोणीतरी ती एकदा वाचावी.

मामा हुकूम घेऊन आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हुकमाचा कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "सायेब, तुमी ओके केलंय म्हंजी काय तरी इचार करूनच केलं आसंल."

मी धावत वरिष्ठांकडे गेलो. "चूक झाली आहे," म्हटलं.

"मग तुम्ही ओके का लिहिलंत?"

"म्हणजे मी पाहिलं, अशा अर्थी..."

"पाहिलंत?"

मी गप्प. "पाहिलं नाही," असं उत्तर होतं. पण त्याला आद्याक्षरं नव्हती.

चूक व्हायला एक ओके लागला होता. ती सुधारायला सहा लागले. फाइल ज्या ज्या टेबलावर गेली तिथे तिथे ती महिनाभर बसली, कारण आता प्रत्येक जण ओके लिहिण्यापूर्वी वाचत होता! सात महिने मामा चंद्रपूरला राहिले. बायकोला तिचा भाऊ जमेल तसा इस्पितळात नेत असे; दोनदा नाही जमलं. त्या दोन मंगळवारी मी ऑफिसात बसून काय करत होतो ते मला आठवत नाही. बहुधा सह्या. बाई पुढे बऱ्या झाल्या. पण त्यात माझा काही वाटा नाही.

मामा परत आले आणि नऊ वर्षं माझ्या हाताखाली राहिले. त्या गोष्टीचा त्यांनी एकदाही उच्चार केला नाही. फक्त एक नवी सवय लागली त्यांना. सहीसाठी कागद आणला की तो समोर ठेवायचा, दोन पावलं मागे सरकून हाताची घडी घालायची आणि म्हणायचं, "वाचा सायेब. मी थांबतो." पाणी मागवल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा! सहा-दोनची डोंबिवली माझी किती वेळा चुकली असेल, त्याला गणती नाही.

बागेतून घरी आलो तो एजंटाचा फोन. "काका, घरच्यांचं सगळ्यांचं ओके ना? पार्टी थांबलीय."

"संध्याकाळी सांगतो," म्हटलं आणि नातीला फोन लावला. ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर आली बिचारी.

"काय झालं, आजोबा? बरे आहात ना?"

"मी बरा आहे. तुला परवा एक पत्र पाठवलं होतं. तू ओके लिहिलंस, त्याबद्दल."

"हो. ओके आहे ना!"

"काय ओके आहे?"

पलीकडे शांतता. ही शांतता माझ्या चांगल्या ओळखीची होती. वरिष्ठांच्या केबिनमध्ये एकेकाळी मी ती स्वतः पाळली होती.

"आजोबा, सॉरी. फार लांब होतं हो ते. मला वाटलं, गणपतीला कधी यायचं त्याबद्दल असेल."

"मग आता वाच. मी थांबतो."

"आत्ता? मीटिंग चाललीय."

"रात्री वाच. मी थांबतो," म्हटलं, आणि फोन ठेवताना सवयीने म्हणून गेलो, "ओके."

रात्री साडेअकराला मोबाइल वाजला. ही झोपेत "कोण मेलं?" म्हणून उठली. नातीचा निरोप होता. पहिलीच ओळ 'आजोबा, नॉट ओके.' त्याखाली तीन पडदे भरून मजकूर. मराठीत, आणि शुद्धलेखनाच्या इतक्या चुका, की बॉस्टनच्या संपादकाने तिला नोकरीवर ठेवलं असतं. विहिर पहिली, दिर्घ कुठेही. माडीवरची खोली, तिथल्या भिंतीवर तिची उंची दर मे महिन्यात पेन्सिलीने नोंदलेली आहे ती. कौलांचा खर्च ती दर महिन्याला किती उचलू शकेल ते. घुशींना काय करतात ते तिने कुठेतरी शोधलेलं. आणि शेवटी, 'मला विचारलत म्हणून सांगते, नाहितर तुमची ईच्छा.'

मी दिवा लावला, चष्मा घातला, पहिल्यापासून वाचायला लागलो. सकाळी चहाच्या आधीच एजंटाचा फोन आला.

"काका, मग ओके समजू?"

"थांबा," म्हटलं, "अजून वाचतोय."